'आय ॲम लेट' की 'आय गॉट लेट'? ओळखीच्या विशेषणाची अनोळखी बाजू

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका पालकांचा प्रश्न असा आहे : त्यांची मुलगी मराठी माध्यमाच्या नववीत शिकते, शाळेत कन्नडही शिकते, आणि तिच्या इंग्रजीच्या वहीत 'आय गॉट लेट टुडे', 'द बस केम लेटली' आणि 'माय ग्रँडफादर इज लेट' (आजोबा हयात नाहीत, असे तिला म्हणायचे होते) या तिन्ही वाक्यांखाली लाल रेघ आली आहे. घरात, बाजारात, बसमध्ये आपण दिवसातून कितीतरी वेळा 'लेट' म्हणतो. मग इतका ओळखीचा शब्द इंग्रजीत लिहितानाच का चुकावा, आणि तो मुलीला नीट कसा समजावून द्यावा?

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे ही तिन्ही वाक्ये मला चांगलीच परिचयाची आहेत. शब्द ओळखीचा आहे, आणि चुकण्याचे मुख्य कारणही तेच आहे. आपण 'लेट' हा शब्द इंग्रजीतून घेतला खरा, पण त्याला बसवले ते मराठीतल्या 'उशीर' या शब्दाच्या जागेवर. 'मला उशीर झाला' या वाक्यातला 'उशीर' काढून तिथे 'लेट' ठेवला की 'मला लेट झालं' हे आपले रोजचे वाक्य तयार होते. मराठीत 'उशीर' हे नाम आहे आणि तो माणसाला 'होतो', जसा ताप येतो किंवा भूक लागते. इंग्रजीत 'लेट' हे विशेषण आहे, आणि माणूस, गाडी किंवा जेवण स्वतःच 'लेट' असते. 'मला भूक लागली' याचे इंग्रजी 'आय ॲम हंग्री' असे होते, हे पाचवी-सहावीतली मुले सहज शिकतात, कारण 'हंग्री' हा शब्द त्यांनी मराठी बोलताना कधी वापरलेला नसतो. 'लेट' मात्र मराठी व्याकरण अंगात मुरवूनच वर्गात येतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात आणखी एक गोष्ट घडते. कन्नडची वाक्यरचनाही या बाबतीत मराठीसारखीच आहे. 'ननगे तड आयितु' म्हणजे शब्दशः 'मला उशीर झाला', आणि बोलताना कन्नड माणूसही 'तड' काढून 'लेट' घालतो. त्यामुळे मुलीच्या कानावर घरची भाषा आणि बाजारची भाषा अशा दोन्ही बाजूंनी एकच रचना पडते. मग 'झाला' किंवा 'आयितु' याला इंग्रजीत काहीतरी क्रियापद हवे म्हणून ती 'गॉट' शोधून काढते. मुलीने चूक केली ती निष्काळजीपणे केली असे मला वाटत नाही. तिने दोन भाषांचा नियम तिसरीला लावला आहे.

हे सोडवण्यासाठी वर्गात मी मुलांना एकच प्रश्न विचारायला लावतो : उशीर कोणाला झाला आहे, माणसाला, एखाद्या वस्तूला, की घड्याळालाच? माणसाला झाला असेल तर माणूस कर्ता : 'आय ॲम लेट', 'शी वॉज लेट', 'वुई विल बी लेट'. गाडीला झाला असेल तर गाडी कर्ता : 'द बस इज लेट'. जेवणाला झाला असेल तर 'लंच इज लेट टुडे'. आणि कोणालाच झाला नसून नुसती वेळ पुढे गेली असेल, म्हणजे रात्री आई म्हणते तसे 'उशीर झालाय, आता झोप', तेव्हा इंग्रजीत 'इट' हा नुसत्या नावाचा कर्ता येतो : 'इट इज लेट, गो टु बेड'. मराठीत या चारही ठिकाणी 'उशीर झाला' एवढ्यावर भागते, कारण उशीर कोणाचा हे 'मला', 'बसला', 'जेवणाला' यांतला 'ला' सांगतो आणि 'ला' नसेल तर ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत ते कर्त्यालाच सांगावे लागते. या सवयीने निम्म्याहून अधिक वाक्ये आपोआप सरळ होतात, असा माझा अनुभव आहे.

काळाकडेही लक्ष द्यावे लागते. 'मला उशीर होतोय' याचे 'आय ॲम गेटिंग लेट' असे भाषांतर आपल्याकडे सर्रास ऐकू येते. भारतात ते सर्वांना कळते, पण भारताबाहेरच्या कानाला खटकते. अजून निघायचे आहे किंवा वाटेत आहोत आणि वेळेवर पोहोचणार नाही असे दिसते आहे, तेव्हा 'आय ॲम रनिंग लेट' किंवा 'आय ॲम गोइंग टु बी लेट' म्हणावे. ठरलेली वेळ उलटून गेली असेल तर 'आय ॲम लेट'. 'गेटिंग' घड्याळाबरोबर चालते : 'इट इज गेटिंग लेट' हे अगदी शुद्ध वाक्य आहे आणि संध्याकाळी पाहुण्यांकडून उठताना नेमके तेच म्हणतात. 'उशीर करू नको' याचे 'डोन्ट डू लेट' किंवा 'डोन्ट मेक लेट' होत नाही. 'डोन्ट बी लेट' असे होते. 'तुझ्यामुळे मला उशीर झाला' हे मात्र 'यू मेड मी लेट' असे म्हणता येते, कारण तिथे 'मी' हा लेट होणारा माणूस वाक्यात आहे.

आता 'आय गॉट लेट' याविषयी माझे मत. भारतीय इंग्रजीत ही रचना रुळलेली आहे आणि बोलण्यात कोणी वापरली तर तिला हसण्याचे कारण नाही. परीक्षेत, अर्जात आणि परदेशी माणसाला पाठवायच्या पत्रात मात्र ती टाळावी, कारण तिच्याजागी 'आय वॉज लेट' हे सोपे आणि निर्दोष वाक्य हाताशी आहे. 'गॉट' ठेवण्याचा फारच मोह होत असेल तर 'आय गॉट डिलेड' म्हणावे. बेळगावच्या टिळकवाडीत रेल्वे गेट पडले आणि तुम्ही पलीकडे अडकलात, तर 'आय गॉट डिलेड ॲट द रेल्वे गेट' हे वाक्य अचूक आहे. येथे 'डिले' हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण मराठी 'उशीर' या नामाचा खरा जोडीदार तोच आहे. 'तासाभराचा उशीर' म्हणजे 'अ डिले ऑफ ॲन अवर'. त्या जागी 'अ लेट ऑफ ॲन अवर' असे लिहिता येत नाही. 'उशिराचे कारण' म्हणजे 'द रीझन फॉर द डिले'. मुले तिथे हमखास 'द रीझन फॉर लेट' असे लिहितात.

किती उशीर झाला हे सांगताना आकडा विशेषणाच्या आधी येतो : 'टेन मिनिट्स लेट', 'टू डेज लेट'. रेल्वे स्थानकावरच्या उद्घोषणेत आपण 'रनिंग लेट बाय थर्टी मिनिट्स' ऐकतो. तेही चुकीचे नाही, पण रोजच्या बोलण्यात 'थर्टी मिनिट्स लेट' अधिक स्वाभाविक वाटते. कशासाठी उशीर झाला हे सांगायला 'फॉर' वापरतात : 'लेट फॉर स्कूल', 'लेट फॉर द एक्झाम'. पोहोचण्याच्या जागेवर भर असेल तर 'लेट टु' सुद्धा ऐकू येते. काम करण्यात उशीर झाला असेल तर 'लेट इन रिप्लायिंग', आणि देणे थकले असेल तर 'लेट विथ द रेंट'.

दुसरे वाक्य 'द बस केम लेटली'. यामागचे कारण मला सर्वांत रंजक वाटते. मराठीत 'उशीर' हे नाम आणि 'उशिरा' हे क्रियाविशेषण. शब्दाचे रूप बदलते. इंग्रजीच्या पुस्तकात मुलगी शिकलेली असते की 'स्लो'चे 'स्लोली' होते, 'क्विक'चे 'क्विकली' होते. मग 'उशिरा आली' यातल्या 'उशिरा'साठी ती तर्काने 'लेटली' करते. तर्क चोख आहे, पण इंग्रजीत 'लेट' हाच शब्द विशेषण म्हणूनही चालतो आणि क्रियाविशेषण म्हणूनही : 'द बस वॉज लेट' आणि 'द बस केम लेट', दोन्हीकडे तेच रूप. 'हार्ड' आणि 'फास्ट' हे शब्दही असेच वागतात. 'लेटली' हा शब्द अस्तित्वात आहे, पण त्याचा उशिराशी संबंध उरलेला नाही. त्याचा अर्थ 'अलीकडे, हल्ली'. 'हल्ली तो दिसला नाही' म्हणजे 'आय हॅव नॉट सीन हिम लेटली'. या 'लेटली'बरोबर बहुधा 'हॅव' किंवा 'हॅज' असलेला काळ येतो. 'काल-परवाच तो भेटला' असे एखाद्या घडून गेलेल्या प्रसंगाविषयी सांगायचे असेल तर 'रीसेंटली' घ्यावा : 'आय मेट हिम रीसेंटली'. तिथे 'लेटली' घातला की वाक्य अवघडते.

झोपेच्या बाबतीत एक गोंधळ मुद्दाम सांगतो, कारण नोकरीच्या मुलाखतीत आणि परदेशी सहकाऱ्यांशी बोलताना त्याचा फटका बसतो. 'आय स्लेप्ट लेट' याचा आपल्या मनातला अर्थ 'मी रात्री उशिरा झोपलो' असा असतो. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस मात्र त्याचा अर्थ 'मी सकाळी उशिरापर्यंत झोपून राहिलो' असा घेतो. रात्री जागून अभ्यास केला हे सांगायला निघालेला विद्यार्थी समोरच्याला आळशी वाटतो. 'आय वेंट टु बेड लेट' किंवा 'आय स्टेड अप लेट' म्हटले की शंका उरत नाही.

आतापर्यंतच्या बहुतेक वाक्यांत 'लेट' क्रियापदाच्या नंतर आला. तो नामाच्या आधी गेला की अर्थ पालटतो, आणि व्याकरणाच्या पुस्तकांत याला द्यावी तेवढी जागा दिली जात नाही. 'द बस इज लेट' म्हणजे बसला उशीर झाला. 'अ लेट बस' म्हणजे बहुधा रात्री उशिराची बस, आणि ती अगदी वेळेवर सुटणारीही असू शकते. 'लेट शिफ्ट' आणि 'लेट शो' यांतही कोणी वेळ चुकवलेली नाही. ती ठरलेलीच उशिराची वेळ आहे. उलट 'लेट पेमेंट', 'लेट फी', 'लेट रिप्लाय' यांत मुदत टळलेली आहे. नाम कोणते आहे हे पाहूनच अर्थ ठरवावा लागतो. शेतीची भाषा येथे मदतीला येते. खानापूरकडच्या भातशेतकऱ्याला हळवे, निमगरवे आणि गरवे हा फरक लहानपणापासून माहीत असतो. यातले गरवे म्हणजे इंग्रजीतली 'लेट व्हरायटी'. गरवे भात उशिरा तयार होते ते त्याच्या जातीमुळे, त्याला काही उशीर 'झालेला' नसतो. पण पाऊस लांबला आणि पेरणी मागे पडली तर 'द रेन्स आर लेट धिस इयर', आणि तिथे खरोखरच उशीर झालेला असतो.

कालखंडाच्या आधी 'लेट' आला की त्याचा अर्थ 'उत्तरार्धातला, शेवटाकडचा' असा होतो. बेळगावच्या इतिहासातली उदाहरणे मुलांना चटकन कळतात. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालचे बेळगावचे काँग्रेस अधिवेशन १९२४ च्या डिसेंबरअखेरीस भरले. म्हणून 'इन लेट डिसेंबर १९२४'. राज्यपुनर्रचनेत बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. म्हणून 'इन लेट १९५६'. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला. आयोगाच्या या दोन्ही घटना 'इन द लेट नाइन्टीन सिक्स्टीज' या शब्दांत सांगता येतात. दशकाच्या आधी 'द' लागतो, एकट्या वर्षाच्या किंवा महिन्याच्या आधी लागत नाही. वयाचेही तसेच : 'इन हिज लेट थर्टीज' म्हणजे साधारण सदतीस ते एकोणचाळीस.

आता तिसरे वाक्य. 'दिवंगत' या अर्थाचा 'लेट' फक्त नामाच्या आधी येतो. 'माय लेट ग्रँडफादर वॉज अ फार्मर' म्हणजे माझे दिवंगत आजोबा शेतकरी होते. 'माय ग्रँडफादर इज लेट' म्हणजे आजोबा अजून पोहोचले नाहीत, आणि वाचणारा त्यांची वाट पाहू लागेल. दक्षिण आफ्रिकेकडच्या इंग्रजीत 'ही इज लेट' हे वाक्य 'तो वारला' या अर्थाने खरोखरच वापरतात, पण आपल्या अभ्यासक्रमातले प्रमाण इंग्रजी ते मान्य करत नाही. नुसते निधन सांगायचे असेल तर 'माय ग्रँडफादर डाइड इन २०१९' असे सरळ लिहावे. इंग्रजीत 'डाइड' हा शब्द कोरडा असला तरी असभ्य नाही. अधिक मृदू हवे असेल तर 'पास्ड अवे' म्हणता येते.

यातही लहान लहान बारकावे आहेत. नावाच्या किंवा पदाच्या आधी 'द लेट' लिहितात, पण 'माय', 'हिज', 'हर' आले की 'द' गळतो. आपल्या भागात देणगीदारांच्या फलकांवर मराठीत 'कै.', कन्नडमध्ये 'दि.' आणि इंग्रजीत 'लेट श्री' अशी नावे दिसतात. मराठीच्या रूढीप्रमाणे 'श्री.' हयात माणसाला आणि 'कै.' दिवंगताला लावतात, त्यामुळे 'लेट श्री' ही जोडी दोन्ही दगडांवर पाय ठेवते. फलकावर किंवा अर्जातल्या वडिलांच्या नावाच्या रकान्यात ती चालून जाते. निबंधात किंवा पत्रात 'द लेट' आणि त्यापुढे नाव एवढेच लिहावे. हा शब्द साधारणपणे ज्यांची हयात अजून लोकांच्या आठवणीत आहे अशांसाठी वापरतात. किती वर्षांपर्यंत वापरावा याचा कोणताही पक्का नियम नाही, पण 'द लेट शिवाजी महाराज' असे कोणी लिहीत नाही. आणि पदावरून उतरलेल्या, पण हयात असलेल्या माणसासाठी 'फॉर्मर' हा शब्द आहे; 'द लेट चीफ मिनिस्टर' असे लिहून जिवंत माणसाला मारू नये.

परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एक वेगळी नोंद : तपासणीला आलेली स्त्री 'आय ॲम लेट' म्हणते तेव्हा ती बहुधा पाळी चुकल्याचे सांगत असते, रांगेत उशिरा आल्याचे नव्हे.

'व्हेरी लेट' आणि 'टू लेट' यांची अदलाबदल फार होते, कारण 'खूप' या एकाच शब्दावर दोघांचेही ओझे टाकले जाते. 'द डॉक्टर केम व्हेरी लेट' म्हणजे डॉक्टर फार उशिरा आले, पण पुढे काय झाले ते कळत नाही. 'द डॉक्टर केम टू लेट' म्हणजे ते आले तोवर उपयोग उरला नव्हता, ऐकणारा दचकतो. 'टू लेट'च्या पुढे 'टु' आणि क्रियापद जोडून काय हुकले ते सांगता येते : 'इट इज टू लेट टु अप्लाय'.

तुलनेची रूपे 'लेटर' आणि 'लेटेस्ट'. 'लेटेस्ट' म्हणजे सर्वांत नवे, आणि 'लास्ट' म्हणजे शेवटचे किंवा मागचे. मोबाइलचे 'लेटेस्ट मॉडेल' घेतलेल्याने 'लास्ट मॉडेल' म्हटले तर कंपनीने यापुढे मॉडेल काढणेच बंद केले असे वाटेल. गंमत अशी की 'लास्ट' आणि 'लॅटर' (दोहोंपैकी नंतरचा) हे दोन्ही शब्द मुळात याच 'लेट'च्या जुन्या रूपांतून आलेले आहेत, आणि मग वेगळे संसार थाटून बसले. कार्यालयीन सूचनांत 'लेटेस्ट बाय ३१ जुलै' असे दिसते, त्याऐवजी 'बाय ३१ जुलै ॲट द लेटेस्ट' लिहावे. 'नो लेटर दॅन ३१ जुलै' यात ३१ तारीख धरलेली असते. त्या दिवशी दिलेला अर्ज वेळेतच असतो.

उच्चाराचा एक अडसर राहतो, आणि त्यावर सीमाभागातल्या मुलांकडे पुण्या-मुंबईच्या मुलांकडे नसलेले साधन आहे. 'उशीर' या अर्थाचा 'लेट' आणि 'होऊ दे, जाऊ दे' या अर्थाचा 'लेट' (जसे 'लेट मी गो') हे देवनागरीत एकसारखेच लिहिले जातात, कारण मराठीच्या लिपीत ऱ्हस्व 'ए'ला वेगळे अक्षर नाही. कन्नड लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' अशी दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. मुलीला दोन्ही शब्द कन्नड अक्षरांत लिहायला सांगा : उशिराचा 'लेट' दीर्घ 'ए'ने, 'होऊ दे'चा 'लेट' ऱ्हस्व 'ए'ने. इंग्रजीतला पहिला स्वर शेवटी किंचित 'इ'कडे झुकतो, एवढी भर त्यात घालायची. मग 'डोन्ट लेट हिम बी लेट' हे वाक्य तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. दोन 'लेट' वेगळे ऐकू येऊ लागले की उच्चाराचा अभ्यास झाला असे समजा.